बर्फाचे वय आणि बेसॉल्ट

१२. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या शिरपूर जैनचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावरून हिमनदी कधी सरकली नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या कर्गेलन बेटांवरही बेसॉल्टच, पण तिथे हिमनद्या आजही आहेत. बर्फ हटून दगड उघडा पडला की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यात क्लोरीन-३६ साठू लागते. ते मोजून बर्फ कधी हटला हे काढतात. (गारगोटी असती तर बेरिलियम-१० सोयीचे, बेसॉल्टात ती सहसा नसते.) आपल्याकडे हिमनदीचे ओरखडे बघायचे तर चंद्रपूरजवळ इरई नदीकाठ गाठावा. तिथल्या पैनगंगा चुनखडकावर ते उमटलेले आहेत. मात्र सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. इतक्या जुन्या बर्फाला क्लोरीन पुरत नाही, वरच्या तालचीर थरांवरूनच काळ ठरवावा लागतो. —संपा.