अंदाजपत्रकातला नागरिक

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक मांडले गेले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपण दोन गोष्टी आधी पाहतो. करवाढ झाली आहे का, आणि आपल्या भागातल्या पुलाचे किंवा पाण्याच्या टाकीचे नाव त्यात आले आहे का. बाकीचे आकडे आपण सोडून देतो. हे कोट्यवधी रुपये कुठे खर्च करायचे, हे कोणी आणि कोणाला विचारून ठरवले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. पण तो प्रश्न जुना आहे. पुण्यात तो जोतीराव फुल्यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता.

फुले 1876 साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. ते सरकारने नेमलेले सभासद होते. लोकांनी मते देऊन निवडलेला प्रतिनिधी ही गोष्ट तेव्हा रुजायची होती. 1880 च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. फुल्यांचे म्हणणे असे, की हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला द्यावेत. 32 नियुक्त सभासदांत ठरावाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. पुढे भाजीबाजाराच्या भव्य इमारतीचा विषय निघाला, तेव्हाही त्यांनी हाच आग्रह धरला. इमारत व्हायची ती झालीच. 1886 साली उभ्या राहिलेल्या त्या बाजाराला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे ते बदलले आणि तीच वास्तू ‘महात्मा फुले मंडई’ झाली. ज्या खर्चाला त्यांनी विरोध केला, त्याच इमारतीवर आज त्यांचे नाव आहे.

या प्रसंगाकडे आपण फुल्यांच्या निर्भीडपणाचे उदाहरण म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांच्यासाठी फुले बोलत होते, ती माणसे त्या सभागृहात नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारा एक माणूस होता आणि त्याच्या हाती एक मत होते. खुद्द त्या माणसांनाच बोलावून ‘सांगा, पैसा आधी कुठे घालायचा?’ असे विचारण्याचा मोठा प्रयोग व्हायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. तो झाला आपल्यापासून फार दूर, ब्राझीलच्या दक्षिण टोकाकडे असलेल्या पोर्तो अलेग्रे या शहरात.

ब्राझीलमधली लष्करी राजवट 1985 मध्ये संपली. 1988 च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत पोर्तो अलेग्रेची सत्ता कामगार पक्षाकडे आली आणि 1989 मध्ये ओलिव्हियो दुत्रा महापौर झाले. शहराच्या कडेच्या वस्त्यांत ना गटारे होती, ना पक्के रस्ते. नव्या कारभाऱ्यांनी लोकांना सभांना बोलावले, मागण्या विचारल्या. पण तिजोरीत खडखडाट होता. उत्पन्नाचा बहुतेक भाग पगारातच जात असे. मागितलेली कामे झाली नाहीत, तेव्हा लोक सभांना येईनासे झाले. मालमत्ता कराची घडी नीट बसवल्यावर हाती पैसा आला आणि मग प्रयोगाला बाळसे धरले. लोकांना विचारायचे, तर त्यांच्यापुढे ठेवायला खरोखरचा पैसा हवा, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा त्यांच्या पद्धतीत आहे. शहराचे सोळा विभाग पाडले होते. दरवर्षी प्रत्येक विभागात सभा भरे आणि तिथला कोणीही रहिवासी तिला येऊ शकत असे. पहिल्या फेरीत नगरपालिकेचे अधिकारी उभे राहून गेल्या वर्षी ठरलेल्या कामांचे काय झाले, ते सांगत. मग नव्या मागण्या, त्यांचा अग्रक्रम आणि प्रतिनिधींची निवड. हे प्रतिनिधी पुढे वस्त्यावस्त्यांतून फिरून कामे पाहत. पैशांची वाटणी करताना तीन गोष्टींना गुण दिले जात: विभागाची लोकसंख्या किती, लोकांनी कोणते काम वर ठेवले आणि त्या सोयीची तिथे वानवा किती. जिथे गटार नाही, तिथल्या गटाराला अधिक गुण. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचेच काम, असे होत नसे. जागतिक बँकेने दिलेल्या आकड्यांनुसार, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली घरे 1988 मध्ये 75 टक्के होती, ती 1997 पर्यंत 98 टक्के झाली.

या यशाचा बोलबाला झाला. 2001 मध्ये जागतिक सामाजिक मंचाचे पहिले अधिवेशन याच शहरात भरले. 2004 चे अधिवेशन आपल्या मुंबईत, गोरेगावला झाले. पण त्याच वर्षी पोर्तो अलेग्रेत कामगार पक्ष निवडणूक हरला. सभा चालू राहिल्या, तरी त्यांचे वजन कमी होत गेले आणि 2017 मध्ये पैशांच्या टंचाईचे कारण सांगून त्या थांबवल्या गेल्या. कारभाऱ्याच्या मर्जीवर चालणारी पद्धत त्याच्याबरोबर जाते, हा तिसरा धडा.

पुण्यातला प्रयोग 2006-07 च्या अंदाजपत्रकाच्या वेळी सुरू झाला. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा आणि आपल्या प्रभागातले, ठरलेल्या मर्यादेत बसेल असे काम सुचवायचे. पुढे ही मर्यादा एका कामाला पाच लाख रुपये अशी होती. पदपथ, दिवे, बाक, बसथांब्याची शेड, कचऱ्याची व्यवस्था अशी ही कामे. छोटी असली, तरी दररोज पायाखाली येणारी. देशातल्या फार थोड्या शहरांनी एवढे केले आणि ज्यांनी हे सुरू केले, त्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे.

तरीही पोर्तो अलेग्रेशेजारी ठेवून पाहिले, की फरक कळतो. आपल्याकडे अर्ज आहे. पण ज्यांच्याकडे सोयी कमी त्यांना अधिक गुण देणारा नियम नाही. मंजूर रकमेचीही पक्की खात्री नाही. अंदाजपत्रकातली तरतूद वर्षाच्या मध्ये दुसऱ्या कामाकडे वळवता येते. पालिकेच्या भाषेत त्याला ‘वर्गीकरण’ म्हणतात. हा शब्द प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हवा, असे मला वाटते.

मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतरची काही अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली आणि त्यांनीच मंजूर केली. त्या वर्षांत मुख्य सभाच नव्हती, मग ठरावाच्या विरोधात एकट्याने हात वर करणार तरी कोण? फुल्यांना निदान ती जागा मिळाली होती. नागरिकांचा अर्ज निवडून आलेल्या सभागृहाची जागा घेऊ शकत नाही. त्या सभागृहाला जागे ठेवण्याचे काम मात्र तो करू शकतो.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. अर्ज भरण्याआधी गेल्या वर्षी आपल्या प्रभागात कोणती कामे मंजूर झाली, ते विचारावे. त्यांतली किती झाली, किती रक्कम वळवली गेली, कोणत्या कामाकडे आणि कोणाच्या सहीने, हेही विचारावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आपल्या हाती आहे. आधी हिशेब आणि मग मागणी हा क्रम एका प्रभागातल्या दहा माणसांनी जरी धरला, तरी क्षेत्रीय कार्यालयात त्यांना पुढच्या वर्षी कोणी नुसता अर्ज देऊन परत पाठवणार नाही.