पुण्याच्या कुंभाराने घडवलेले नाक

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे आणि नाना फडणवीसांचे चित्र रंगवले. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव टिकले ते एका बैल हाकणाऱ्याच्या चित्रामुळे. जानेवारी 1794 मध्ये काढलेल्या या चित्रातल्या माणसाचे नाव इंग्रजी कागदांत कावसजी असे आहे. जातीने शेतकरी मराठा, इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणे हे काम. 1792 साली संपलेल्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच, नाकाविना वावरला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाच्या कातड्याचे नवे नाक त्याला बसवून दिले. वेल्सने चित्र काढले तेव्हा त्या गोष्टीला दहा महिने झाले होते.

हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीतला होता, म्हणजे बहुधा कुंभार. त्याचे नाव कुणी टिपून ठेवले नाही. रुग्णाचे नाव राहिले, चित्रकाराचे राहिले, पाहायला आलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांची राहिली, आणि ज्याच्या हातात ही विद्या होती तो तेवढा निनावी गेला. मराठी मुलखाच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

शस्त्रक्रियेची हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात चित्रासह छापून आली. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज शल्यवैद्य हे काम डोळ्यांनी पाहून आले होते, त्यामुळे वर्णन नेमके आहे. कारागीर आधी मेणाची पातळ पट्टी तुटक्या नाकावर बसवून तिला नाकाचा आकार देई. ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवी, भोवती रेघ मारी आणि रेघेच्या आतले कातडे सोडवून घेई. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तो तशीच जोडलेली ठेवी. जुन्या जखमेची वाळलेली कड खरवडून ताजी केली जाई, तिच्यामागे चीर दिली जाई, आणि कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली वळवून त्या चिरेत खोवले जाई. टाका एकही नाही. वर लागे कात. विड्यात घालतो तोच कात पाण्यात मऊ करून, फडक्याच्या पट्ट्यांवर पसरून, पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवत. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती सारायच्या, म्हणजे भोके बुजत नाहीत. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची आणि नाकाला शेवटचा आकार द्यायचा.

या साऱ्या कौशल्याचे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. एवढे जाड कातडे पूर्ण कापून दुसरीकडे लावले तर ते मरण्याचा धोका असतो, कारण त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पट्टी जोडलेली राहिली की तिच्यातल्या रोहिणीतून रक्त येत राहते, आणि तीन आठवड्यांत नाकाच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या धरतात. मगच पट्टी कापायची. आजचे प्लास्टिक सर्जन कर्करोगाने गेलेले नाक पुन्हा उभारताना कपाळाचेच कातडे घेतात, तशीच पट्टी राखतात आणि बहुतेक वेळा तीन आठवड्यांच्या आसपासच ती कापतात. सूक्ष्मदर्शक नाही, रक्ताभिसरणाचे पुस्तक नाही, तरी त्या कुंभाराला पंचवीस दिवसांचा हिशेब ठाऊक होता.

ही विद्या पुण्यात एकाएकी उगवलेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात तुटक्या नाकाची दुरुस्ती सांगितली आहे. तिथे माप घ्यायला झाडाचे पान आहे, कातडे गालाचे आहे आणि श्वासासाठी नाकपुड्यांत एरंडाच्या नळ्या घालायला सांगितल्या आहेत. सुश्रुताचा गाल आणि पुण्याचे कपाळ यांच्यामध्ये कित्येक पिढ्यांचा अनुभव उभा आहे. तो पोथीतून कमी आणि हातातून हातात जास्त आला असावा. हिमालयाच्या पायथ्याशी कांगड्यातही काही घराणी हेच काम करत.

आणि गिऱ्हाइकांची वाण नव्हती. चोरी, फितुरी, व्यभिचाराचा संशय, युद्धातली कैद, कशाहीपायी नाक कापले जाई. कापणाऱ्याला जीव घ्यायचा नसे. त्या माणसाने उरलेला जन्म लोकांसमोर मान खाली घालून काढावा, एवढेच त्याला हवे असे. शूर्पणखेचे नाक कापल्याची गोष्ट नाशिकात सांगतात, आणि घराण्याची अब्रू गेली की नाक कापले गेले असे आपण आजही म्हणतो. नाक नसलेला माणूस गावात कुठेही गेला तरी त्याची शिक्षा त्याच्या आधी पोचत असे. म्हणून नाक बसवणे ही हौसेची गोष्ट कधीच नव्हती. ती माणसाला पुन्हा माणसांत बसवण्याची खटपट होती.

आज नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला रुग्ण डॉक्टरांना जे विचारतो ते पुण्याच्या कुंभारालाही विचारले गेले असणार. बसवलेले टिकेल का? वण दिसेल का? आपलेच वाटेल की चिकटवल्यासारखे? श्वास नीट येईल का? ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या त्या छोट्या मजकुरात या प्रत्येक काळजीचे उत्तर आहे. नवे नाक पक्के बसते, दिसायला जवळपास मूळच्या नाकासारखे असते, कपाळावरचा वण काळाने फारसा जाणवत नाही, आणि नाकपुड्यांसाठी कापडाच्या वाती आहेतच. दुखण्याबद्दल मात्र तिथे अक्षर नाही. भूल यायला अजून अर्धे शतक बाकी होते. कपाळाचे कातडे शुद्धीवर असताना सोडवून घेतले जात होते आणि लोक ते सोसत होते. नाकाविना जगणे किती जड असेल, ते यावरून कळते.

नाक टिकेल का, या भीतीने युरोपात भलतेच रूप घेतले होते. इटलीत बोलोन्याच्या गास्पारो तालियाकोत्सीने 1597 मध्ये दंडाचे कातडे वापरून नाक करण्याची रीत ग्रंथात मांडली. त्यासाठी रुग्णाचा हात काही आठवडे चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. त्याच्यामागे अशी दंतकथा पसरली की दुसऱ्याच्या अंगाचे कातडे घेऊन केलेले नाक तो दुसरा माणूस मेला की गळून पडते. तालियाकोत्सी तर रुग्णाचेच कातडे वापरत होता, पण अफवेला तेवढी चौकशी लागत नाही. ती विद्या तिकडे जवळपास विस्मरणात गेली.

म्हणूनच पुण्याच्या बातमीने लंडनमध्ये खळबळ उडाली. जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने ही रीत अभ्यासली आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. यकृताच्या दुखण्यावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने त्याचे नाक गेले होते. तिसऱ्या दिवशी जखमेवर बांधलेले फडके सोडले तेव्हा सोबतचा मित्र नाक पाहून आनंदाने ओरडला, असे कार्प्यूने नोंदवले आहे. त्याचा दुसरा रुग्ण 1811 च्या अल्बुएराच्या लढाईत पलटणीचे निशाण वाचवताना नाक आणि हात गमावलेला अधिकारी होता. नाक आणि हात, कावसजीचेही तेच गेले होते. कार्प्यूचे पुस्तक 1816 मध्ये आले, 1818 मध्ये बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफेने आपला ग्रंथ लिहिला, आणि कपाळाच्या कातड्याची ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ म्हणून जगभर शिकवली जाऊ लागली. त्याच 1818 साली पेशवाई बुडाली.

इकडे कारागिरांच्या हातची विद्या पुढे मावळत गेली. एक मोठा अपवाद गुजरातेत आहे. 1880 च्या दशकात काठेवाडात काडू मकराणी नावाचा बंडखोर लोकांची नाके कापत सुटला होता. जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा ती पुन्हा उभारत. 1889 मध्ये त्यांनी अशा शंभर रुग्णांची हकिगत पुस्तकरूपाने छापली. एकाने कापायचे आणि दुसऱ्याने जोडायचे, असे तिकडे लोकांच्या तोंडी बसले होते.

धडधाकट नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया याच सुमारास सुरू झाली. अमेरिकेत जॉन रो यांनी 1887 मध्ये बाहेर वण न ठेवता नाकाच्या आतून काम केले. बर्लिनमध्ये याकोब योसेफ यांनी 1898 मध्ये मोठ्या नाकापायी लोकांत जायला लाजणाऱ्या एका तरुणाचे नाक लहान केले. त्या तरुणाला कुणी शिक्षा केलेली नव्हती, तरी लोकांच्या नजरेचा जाच तोच होता. अशा रुग्णाला नटवा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. त्याला खरी माहिती द्यावी: नाकावर बांधलेली पट्टी साधारण आठवड्याने निघते, सूज मात्र महिनोन्‌महिने उतरत राहते, अखेरचा आकार ठरायला वर्षही लागते, काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, आणि श्वासाचा मार्ग बिघडवून मिळालेले सुंदर नाक काही कामाचे नाही. तो मार्ग कापडाच्या वातींनी राखणाऱ्या पुण्याच्या कारागिराला हे पुरते कळले होते.

विसाव्या शतकात महाराष्ट्राने या विद्येशी नाते पुन्हा जोडले. 1958 मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. देशातला तो पहिला मानला जातो. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात नाकाचा पडदा आतून झडतो आणि नाक मध्येच बसते. औषधाने जंतू मरतात, पण बसलेले नाक गावाला जुना रोग सांगत राहते आणि बरा झालेला माणूस घराबाहेरच राहतो. अंटियांनी अशी नाके आतून अस्तर आणि आधार देऊन उचलली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला.

पंढरपुरात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित 1968 पासून दरवर्षी भारतात येऊन विनामूल्य शिबिरे घेत. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे वण अशी कामे ते करत. अपघाताने अर्धे शरीर लुळे पडले तरी चाकाच्या खुर्चीतून त्यांनी शिबिरे चालू ठेवली. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा चेहऱ्याच्या या दुखण्यांचा इतिहास अजून जगतो आहे. कुष्ठरोगाचे रुग्ण इथे अजूनही सापडतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2020 मध्ये सुरू झाले. चेहऱ्याच्या अवघड शस्त्रक्रियेसाठी अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातल्या माणसाची वाट आजवर धुळे, नाशिक किंवा रेल्वेने सुरतेकडेच गेली आहे. तिथे पोचण्याआधी त्याच्या काळज्या घरातच सुरू होतात. बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की आईने ग्रहणात काही चिरले असेल, असा ठपका महाराष्ट्रात कितीतरी घरांत तिच्यावर येतो. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे दोन्ही भाग जुळून यायचे राहतात तेव्हा ओठ दुभंगतो. आईला हे डॉक्टरांनी, आशाताईंनी पहिल्याच भेटीत, सासरच्या माणसांसमोर सांगायला हवे.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात, आणि त्यांच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन महिन्यांचे झाले की करता येते, टाळूची वर्षाच्या आसपास. सोबत वाकडे झालेले नाक थोडे तेव्हाच सुधारतात आणि उरलेले चेहऱ्याची वाढ थांबल्यावर, म्हणजे सोळा-अठराव्या वर्षी. तोवर ते मूल शाळेत रोज कुणाशेजारी बसते आणि घरचे त्याला जत्रेत नेतात की नाही, याची विचारपूस गावच्या आशाताईंनी आणि गुरुजींनी करत राहायची आहे.