गुण कुणाचा?

थंडी सरत आली की वाईच्या शिवारात हळद शिजायला लागते. काहिलींची वाफ रस्त्यापर्यंत येते, मातकट आणि उग्र. येणारेजाणारे थांबून तो वास छातीभर घेतात. मला मात्र त्या वासाने ड्रेसिंगची ट्रॉली आठवते. तेहेतीस वर्षं मी सरकारी इस्पितळांत सिस्टर होते, आणि त्यातला बराच काळ लोकांच्या जखमा धुण्यात गेला. खेड्यातून येणारी जखम बहुधा हळद भरूनच यायची. वाळून कडक झालेल्या पिवळ्या थराखाली काय चाललंय ते दिसायचंच नाही. सलाईनचे बोळे ठेवून तो थर भिजवायचा, मग हलक्या हाताने सोडवायचा. मी वैतागायचे. बरोबर आलेली म्हातारी शांतपणे म्हणायची, "आमी आज्यापास्नं हेच करतो, बाई."

आज्यापासून करतो, म्हणजे ते लागू पडतं का? हा प्रश्न आमच्या खोलीत कुणी विचारत नव्हतं. म्हातारीही नाही आणि आम्हीही नाही.

पुढे हाच प्रश्न थेट अमेरिकेत गेला. 1995च्या मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडे गहजब झाला. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. 1996 मध्ये संस्थेने पेटंटला आव्हान दिलं, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले असे 32 संदर्भ पुढे ठेवले आणि 1997च्या ऑगस्टमध्ये ते पेटंट रद्द झालं. इकडे सांगली-साताऱ्यात घरचं लग्न पार पडल्यासारखा आनंद होता. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद साठवणाऱ्या मुलखाला तो व्हायलाच हवा होता.

तेव्हा मीही पेढे खाल्ले. पण त्या निकालाने ठरलं काय? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढंच. पेटंटाच्या दप्तरात प्रश्न असतो तो आधी कुणाला ठाऊक होतं याचा. जखम हळदीने भरते की हळद असूनही भरते, याचा निवाडा तिथे झाला नाही आणि होणारही नव्हता. लोकांनी मात्र तोही झाला असं धरून चालायला सुरुवात केली.

माझे वडील वाईतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. 1916 साली इथे प्राज्ञपाठशाळा निघाली, पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे मराठी विश्वकोश याच गावात आकाराला आला. अशा गावात खिळे जुळवणाऱ्यालाही न्यायशास्त्रातले चार शब्द येत. वडिलांचा आवडता जोड होता अन्वय आणि व्यतिरेक. चुलीपुढे बसून ते आईला समजावत. जिथे धूर तिथे विस्तव, हा अन्वय. जिथे विस्तव नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. "नुसत्या अन्वयावर भाळू नये. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते," असं म्हणून ते फुंकणी खाली ठेवत. आई म्हणे, "भाकरी करपली त्याचा अन्वय सांगा आता."

इस्पितळात लागल्यावर पाहिलं, तर आमची सगळी ट्रॉली नुसत्या अन्वयावर चाललेली. लाल औषध, जांभळं औषध, पिवळं औषध, फेस येणारं औषध. त्यात युसॉल तर आम्हीच बनवायचो. ब्लीचिंग पावडर आणि बोरिक पावडर पाण्यात मिसळायची, गाळायची, बाटलीवर तारीख टाकायची. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सडक्या जखमांसाठी 1915 मध्ये एडिंबरोत निघालेलं हे पाणी आमच्या काळापर्यंत टिकून होतं. जंतूंबरोबर ते कोवळं नवं मांसही पोळतं, म्हणून पुढे ते मागे पडलं. तोवर आम्ही ते किती जखमांत ओतलं असेल, देव जाणे. प्रत्येक डॉक्टरचं आपलं एक लाडकं औषध असायचं आणि बदली झाली की ट्रॉलीवरचा रंग बदलायचा.

अशात एक इस्त्रीवाला आला. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला चार वर्षांची जखम. भोवतालची कातडी काळवंडून चामड्यासारखी झालेली. सुश्रुताने जखमांचे शारीर आणि आगंतुक असे दोन भाग केले, त्यातली ही शारीर. बाहेरून काही लागलं नव्हतं, पायाच्या शिरांतच बिघाड होता. दिवसाचे बारा तास उभं राहून फुगलेल्या शिरांतलं रक्त वर चढेना, घोट्यापाशी तुंबून राही. सगळे रंग लावून झाले होते. एकदा त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि काही कारणाने तो तीन आठवडे खाटेवर पडला. त्याच दिवसांत आम्ही एक नवं मलम लावत होतो. घरी जाताना जखम निम्मी झाली होती! मलमाचं केवढं कौतुक झालं. पुढच्या सहा पेशंटांना तेच लावलं, पण कुणाची जखम तसूभर हलली नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ते सहाजण चालत येत आणि चालत घरी जात. इस्त्रीवाला मात्र तीन आठवडे पाय वर करून निजला होता.

फसू नये म्हणून काय करावं, याचं एक उत्तर क्षयाच्या औषधाने दिलं होतं. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल छापून आला. 55 रुग्णांना औषध आणि अंथरुणावर विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं, बंद पाकिटातली चिठ्ठी सांगेल ते. आमच्या डोक्यावर पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथेही क्षयाच्या रोग्यांना थंड हवेत निजवून ठेवण्याची रीत होती. निजून किती गुण येतो आणि औषधाने किती, हे वेगळं काढायला ते 52 जण लागले. व्यतिरेकाला असं तोंड असतं, नाव असतं, ताप असतो.

जखमांच्या बाबतीत असं आपल्याकडे कुणी केलं का? केलं, आणि तेही सोलापुरात. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या 104 जणांचे दोन सारखे गट केले. एका गटाला मध, दुसऱ्याला सगळीकडे चालणारं चांदीचं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. 1991 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त निकाल आला. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा जंतूमुक्त, मलमाच्या गटातल्या 7 टक्के. पंधरा दिवसांत मधाने 87 टक्के जखमा भरल्या, मलमाने 10.

मी बदलीच्या गावी होते. एका तरुण डॉक्टरांनी ते आकडे वाचून दाखवले आणि मला पहिल्यांदा महाबळेश्वरच्या मधाची बाटली आठवली. सातेरी माश्यांचा, जांभूळ-हिरड्याचा तो मध आमच्या घरात खोकल्यापुरता असे. मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, तो आंबट असतो आणि त्यातल्या एका विकरामुळे जखमेत हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे आमचं फेस येणारं औषधच, पण थेंबाथेंबाने. मध फार तापवला की हे विकर मरतं. न तापवावा तर कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. म्हणून दवाखान्यातल्या मधावर गॅमा किरण सोडतात. फडताळातला मध तो नव्हे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सोलापूरचे आकडे फार चांगले होते, इतके की शंका यावी. भाजण्यावरच्या मधाच्या बऱ्याच चाचण्या एकाच ठिकाणच्या, आणि मध लपवताही येत नाही. वास, रंग, चिकटपणा पाहून पट्टी सोडणाऱ्या सिस्टरला गट लगेच कळतो. शिवाय भाजलेली ताजी जखम आणि इस्त्रीवाल्याची चार वर्षांची जखम यांची जातच वेगळी. ताजी जखम भरायला निघालेलीच असते, तिला वाटेतले जंतू दूर केलेले पुरतात. जुनी जखम भरायचंच विसरलेली असते.

2008 मध्ये न्यूझीलंडमधून उत्तर आलं. ज्या देशाचा मनुका मध जगभर विकतो, तिथेच शिरांच्या जुन्या जखमा असलेल्या 368 जणांवर चाचणी झाली. दोन्ही गटांच्या पायांना दाब देणारं बँडेज होतंच. एकीकडे मध, दुसरीकडे नेहमीची ड्रेसिंग. बारा आठवड्यांत मधाच्या गटातल्या 55.6 टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटातल्या 49.7 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, आणि मधाच्या गटात दुखण्याच्या तक्रारी जास्त. मध विकणाऱ्या देशाने हे छापलं, याचं मला पेटंट रद्द होण्यापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

त्या निकालात मला दुसरंच काही दिसलं. मध असो नसो, निम्म्या जखमा भरल्या होत्या. दोन्हीकडे सारखं होतं ते बँडेज. आणि दाब दिलेला पाय व न दिलेला पाय यांची तुलना जगात आधीच झालेली आहे. दाबाने जुनी जखम लवकर भरते.

आमच्या ट्रॉलीवर क्रेप बँडेज सगळ्यात खालच्या कप्प्यात असायचं. त्याला ना रंग, ना वास, ना मलम विकायला येणारा माणूस.

इस्त्रीवाल्याला मी शेवटी तेच बांधलं. आधी पावलाची नाडी पाहिली, कारण रक्त खाली पोचतच नसेल तर दाबाने पाय जातो. मग बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल. इस्त्रीच्या टेबलाशी उंच स्टूल ठेवायला लावलं. पाचव्या महिन्यात जखम मिटली. तो पेढे घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सिस्टर, तुमचा हातगुण!"

मागाहून त्याची बायको हळूच म्हणाली, "मी रात्री थोडी हळद लावत होते हो."

मी पेढा घेतला. वडील असते तर विचारलं असतं, व्यतिरेक कुठाय? बँडेज न बांधलेला, स्टुलावर न बसलेला, हळद न लावलेला दुसरा इस्त्रीवाला माझ्याकडे नव्हता. तो दुसरा माणूस परक्या गावच्या वॉर्डांत, चिठ्ठीत निघालेल्या गटात होता. त्याला जे निघालं ते त्याने बारा आठवडे निमूटपणे बांधून घेतलं. पेढे खरं तर त्याला जायला हवे होते.