तिकिटाआधीची पत्रे

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी ट्रंक असेल. तिच्यात जमिनीचे उतारे असतील, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका असतील आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा असेल. काही घरांत अजूनही भिंतीवरच्या तारेला ओवलेली पत्रे सापडतात. दिवाळीची साफसफाई आली की कोणीतरी म्हणते, "काय करायचीय ही रद्दी? द्या जाळून!" आज मी ह्या रद्दीविषयीच बोलणार आहे. पण गोष्ट सांगणार आहे ती दूरची, अमेरिकेची. कारण तिथे काही लोकांनी अशा जुन्या पत्रांच्या बाह्यांगावरून, म्हणजे नुसत्या शिक्क्यांवरून आणि आकड्यांवरून, देशाचा इतिहास वाचण्याची विद्याच उभी केली आहे.

समजा, १८३० सालच्या सुमाराचे एक अमेरिकन पत्र आपल्या हातात आहे. त्याला पाकीट नाही. आपले आंतर्देशीय पत्र असते ना, तसाच एक मोठा कागद घडी घालून त्याच्या पाठीवर पत्ता लिहिलेला आहे आणि घडी लाखेने बंद केली आहे. तिकीट नाही, कारण तिकीट हा प्रकारच अमेरिकेत सरकारी रीतीने १८४७ साली आला. एका कोपऱ्यात लाल शाईचा गोल शिक्का आहे: न्यू यॉर्क, महिना आणि तारीख. दुसऱ्या कोपऱ्यात हाताने आकडा घातला आहे, १८¾. बस्स, एवढेच. आता ह्यातून काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा, पुष्कळ कळते.

तो आकडा म्हणजे टपालहशील, सेंटमध्ये. त्या काळी हशील वजनावर नव्हते. ते दोन गोष्टींवर ठरे: पत्र किती मैल जाणार आणि त्यात कागदाचे ताव किती. एका तावाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत १२½, ४०० पर्यंत १८¾ आणि त्यापुढे कितीही दूर असले तरी २५ सेंट. न्यू यॉर्कहून बोस्टनला १८¾ पडत. फिलाडेल्फियाला १२½ पडत. त्याच बोस्टनच्या पत्रावर ३७½ दिसले, तर समजावे की आत दोन ताव होते. पाकीट घातले तर तोही एक ताव धरला जाई आणि पैसे दुप्पट होत. म्हणून पाकीटच कोणी वापरीत नसे. एवढेच नव्हे, तर आडव्या ओळींनी कागद भरला की तोच फिरवून त्यावर उभ्या ओळी लिहीत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होत असेल, ते त्यालाच ठाऊक!

आणि हे साडेबारा, पावणेएकोणीस असे चमत्कारिक दर कशासाठी? तेव्हा अमेरिकेच्या बाजारात स्पॅनिश नाणी सर्रास चालत. आपल्या रुपयाचे पूर्वी जसे सोळा आणे असत, तसे स्पॅनिश डॉलरचे आठ रियाल. एक रियाल म्हणजे साडेबारा सेंट, दीड रियाल म्हणजे पावणेएकोणीस. म्हणजे सेंट नावाला सरकारी, पण लोकांच्या खिशात नाणे परक्याचे. शाळेत आपण ज्याला अर्थव्यवस्था म्हणतो, ती ह्या पत्राच्या कोपऱ्यात बसलेली आहे.

पैसे बहुधा घेणारा देई. पाठवणाऱ्याने आधी भरले असतील तर 'पेड' असा शिक्का पडे. आपल्याकडे नॉटपेड पत्र म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांत लाज. तिथे उलट तीच रीत होती. पण दर भारी होते. मजूर माणसाला दूरच्या मुलाचे एक पत्र सोडवून घ्यायचे, तर दिवसाच्या मजुरीचा चांगलाच तुकडा मोडावा लागे. त्यामुळे कित्येक पत्रे कोणी सोडवून न घेतल्याने पडून राहत. लोकांनीही युक्त्या काढल्या. वर्तमानपत्राचे हशील १७९२ च्या कायद्याने फार थोडे, सेंट-दीड सेंट ठेवले होते. मग काही जण जुने वर्तमानपत्र पाठवीत आणि छापील अक्षरांखाली सुईने टोचून आपला निरोप कळवीत!

आता थोडे मागे जाऊ. १६३९ साली बोस्टनच्या वसाहतीने रिचर्ड फेअरबँक्स ह्या गृहस्थाची खाणावळ हे समुद्रापलीकडून येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांचे ठिकाण ठरवले. पत्रामागे त्याला एक पेनी मिळे. अमेरिकेच्या टपालाचा आरंभ असा खाणावळीत झाला. १६७३ साली न्यू यॉर्कचा गव्हर्नर लव्हलेस ह्याने बोस्टनपर्यंत महिन्याला एक घोडेस्वार धाडण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी डच लोकांनी न्यू यॉर्क घेतले आणि ती व्यवस्था बंद पडली. पण स्वाराची ती वाट पुढे मोठा हमरस्ता झाली.

पुढे बेंजामिन फ्रँकलिन आला. १७३७ साली तो फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला आणि १७५३ साली सगळ्या वसाहतींच्या टपालाचा जोडअधिकारी झाला. इंग्रज सरकारने १७७४ साली त्याला काढून टाकले. १७७५ च्या जुलैमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने त्यालाच आपला पहिला पोस्टमास्तर जनरल नेमले. अधिकाऱ्याला पत्र फुकट धाडण्याचा हक्क असे. त्यासाठी 'फ्री' असे लिहून खाली सही करायची. फ्रँकलिनने गमतीने शब्दांची जागा बदलून 'बी फ्री फ्रँकलिन' अशी सही केलेली पत्रे आहेत. बी हे त्याच्या नावाचे आद्याक्षर; पण वाचणाऱ्याने अर्थ घ्यायचा तो, स्वतंत्र व्हा! असा हा टपालाच्या पाठीवरचा राजकीय जाहीरनामा.

१७९० साली त्या देशात अवघी ७५ पोस्ट ऑफिसे होती. पन्नास वर्षांत ती तेरा हजारांवर गेली. खेड्यातले पोस्ट म्हणजे बहुधा वाण्याच्या दुकानाचा एक कोपरा, आणि दुकानदार तोच पोस्टमास्तर. मोठ्या ठिकाणांना शिक्के मिळत. लहान गावचा पोस्टमास्तर बोरूने गावाचे नाव आणि तारीख लिही. ह्या हस्तलिखित खुणा संग्राहक फार जपतात. त्यांतली काही गावे पुढे उठून गेली, काहींची नावे बदलली. गाव होते आणि तिथे टपाल येत होते, ह्याचा समोर ठेवता येईल असा पुरावा कित्येकदा अशा पत्रावरची ती दोन शब्दांची खूण असते.

भारी दरांवर लोक चिडलेले होतेच. १८४४ साली लायसँडर स्पूनर नावाच्या माणसाने सरकारपेक्षा स्वस्तात पत्रे पोचवणारी खाजगी टपालकंपनी काढली. सरकारने खटले भरले, पण दरही उतरवले. १ जुलै १८४५ पासून तावांची मोजणी गेली आणि वजन आले. अर्ध्या औंसाला, म्हणजे सुमारे सव्वा तोळ्याला, ३०० मैलांपर्यंत ५ सेंट आणि पुढे १०. बरोबर दोन वर्षांनी फ्रँकलिनच्या चित्राचे ५ सेंटचे आणि वॉशिंग्टनच्या चित्राचे १० सेंटचे तिकीट निघाले. १८५५ पासून देशातल्या पत्राचे पैसे आधी भरणे सक्तीचे झाले आणि १८५६ पासून तिकीटही सक्तीचे झाले.

दर उतरले तसा पाकिटांचा प्रसार झाला. इथेच संग्राहकाची खरी अडचण सुरू होते. त्या काळच्या पुष्कळ शिक्क्यांत महिना आणि दिवस असे, वर्ष नसेच. घडीच्या पत्रात काळजी नव्हती. आत तारीख असायचीच. पण पाकीट आणि पत्र वेगळे झाले की दोघेही मुके. पाकीट म्हणते, मी अमुक गावाहून निघालो, पण कोणत्या साली ते माहीत नाही. पत्र म्हणते, मी अमुक साली लिहिले गेलो, पण कोणत्या वाटेने गेलो ते माहीत नाही.

एक उदाहरण सांगतो. सरकारी तिकिटे निघण्यापूर्वी काही गावच्या पोस्टमास्तरांनी आपापली तिकिटे छापली होती. अलेक्झांड्रिया गावचे निळ्या कागदावरचे असे एकच तिकीट आज ज्ञात आहे. १८४७ च्या नोव्हेंबरात एका तरुणाने ते लावून रिचमंडला एका तरुणीला पत्र धाडले. दोघांचे पंथ वेगळे, घरच्यांचा विरोध. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते की, नेहमीप्रमाणे हे जाळून टाक. तिने बाकीची जाळली असतील. हे एक जाळले नाही. १८५३ साली त्यांचे लग्न झाले. १९०७ साली त्यांच्या मुलीला ते आईच्या शिवणाच्या पेटीत सापडले. पुढे ते दहा लाख डॉलरना विकले गेले. पण किंमत बाजूला ठेवा. तिकीट सोलून काढले असते तर तो निळा कागदाचा तुकडा उरला असता. ती दोन माणसे उरली नसती.

महाग वस्तू म्हटली की लबाडीही आली. खोटे शिक्के मारले जातात, पुसट शाई गडद केली जाते. पण जाणता माणूस हिशेब मांडतो. १८५० सालच्या पत्रावर १८¾ चा आकडा असेल, तर तो शिकवलेला साक्षीदार आहे. कारण तो दर पाच वर्षांपूर्वीच गेला. १८४९ साली कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या मागे गेलेल्या माणसाचे घरी आलेले पत्र असेल, तर त्यावर अर्ध्या औंसाला ४० सेंट हवेत. तेव्हा पनामाचा कालवा नव्हता. आगबोटीतून उतरून ते टपाल होडीने आणि खेचरावरून पलीकडे न्यावे लागे.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्या पत्रांशी संबंध आहे, बरे का! १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. पुढे १८३१ साली अहमदनगरला मिशनचे काम सुरू झाले. त्यांची पत्रे शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांनी बोस्टनला पोचत. अशा पत्राला बंदरात 'शिप' असा शिक्का पडे. त्याच बंदरात बटवडा झाला तर ६ सेंट. पुढे जायचे तर त्या अंतराचे हशील आणि वर २ सेंट. ह्या मिशनचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. आपल्या मुलखाविषयी त्या काळी लिहिलेला मजकूर वाचायला आपल्याला तिथे जावे लागते. का? तर त्यांनी जाळला नाही म्हणून.

आणि आम्ही? श्रोतेहो, मी स्वतःचाच अपराध सांगतो. शाळेत असताना मला तिकिटांचा नाद होता. आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा मी ताटलीतल्या पाण्यात भिजवला, तिकिटे सोडवली, वहीत चिकटवली आणि उरलेले कागद बंबात घातले. आजोबा नोकरीपायी गावोगाव हिंडले होते. कोणत्या साली ते कोणत्या गावी होते, हे सांगणारा एकही कागद आज आमच्या घरी नाही. ती तिकिटे अजून आहेत. त्यांना बाजारात फारशी किंमत नाही, आणि मला ती पाहवत नाहीत.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. वर्गातल्या मुलांना सांगा, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एकेक जुने पत्र आणा. आतला मजकूर खाजगी असतो. तो परवानगीवाचून वाचू नये. बाहेरची बाजू पुरे. कोणत्या गावचा शिक्का? कोणती तारीख? पोचल्याचा दुसरा शिक्का आहे का? मधे किती दिवस गेले? हे फळ्यावर मांडले की भूगोल, इतिहास आणि गणित, तिन्ही तास एकदम होतात. तिकीट सोलू नका, पत्र पाकिटापासून तोडू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात ठेवू नका. आणि पत्र ज्याचे त्याला परत द्या.

आपल्या इलाख्यातले पहिले तिकीट १८५२ साली सिंध प्रांतात निघाले. १८५४ साली साऱ्या देशाला अंतर न पाहता अर्ध्या आण्याचा दर मिळाला. तेव्हापासून ह्या देशात गरिबाच्याही घरी पत्र येऊ लागले. त्यांतली काही अजून माळ्यावर आहेत. येत्या दिवाळीत ट्रंक उघडाल, तेव्हा काडी ओढण्यापूर्वी एकदा शिक्का वाचा, एवढेच माझे मागणे आहे.