बालकांतील उलटलेल्या मेंदू-अर्बुदाची ओळख

बालकांच्या मेंदूतील अर्बुदांचा इतिहास हा बव्हंशी त्यांच्या नामकरणाचा इतिहास होय. १९२५ साली बॉस्टन येथील पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग यांनी लहान मेंदूत उद्भवणाऱ्या एका अर्बुदास ‘मेड्युलोब्लास्टोमा’ असे नाव दिले. ज्या ‘मेड्युलोब्लास्ट’ पेशीवरून ते योजिले होते, त्या पेशीचे अस्तित्व पुढे कोणासही निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही. नाव मात्र टिकले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पेशींचे रूप हाच त्या वर्गीकरणाचा आधार होता.

१९५३ साली मँचेस्टर येथील पॅटरसन व फार यांनी संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूवर किरणोपचार केल्यास यातील अनेक रुग्ण जगू शकतात, हे दाखवून दिले. या यशातूनच एक नवा प्रश्न उपस्थित झाला. वाचलेल्या मुलाच्या मेंदूत काही वर्षांनी पुन्हा गाठ दिसली, तर ती जुनी मानावयाची की नवी? दीर्घकाळपर्यंत रोग उलटला असे गृहीत धरले जाई आणि पुष्कळदा नव्या गाठीचा तुकडा तपासलाही जात नसे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधन डीएनएच्या मेथिलीकरणात सापडले. जनुकांची अक्षरे न बदलता त्यांवर बसणाऱ्या या रासायनिक खुणा अर्बुद ज्या पेशीतून उद्भवले तिची स्मृती जपतात. मेणात जतन केलेल्या जुन्या ऊतकातूनही त्या वाचता येतात. त्यामुळे पहिली व दुसरी गाठ शेजारी ठेवून ताडून पाहणे शक्य झाले. २०१८ साली हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २,८०१ नमुन्यांच्या आधारे या खुणांवरून वर्गीकरणाची पद्धती प्रसिद्ध केली. पुढे तपासलेल्या १,१०४ रुग्णांपैकी सुमारे १२ टक्क्यांचे निदान तिच्यामुळे बदलले.

उलटलेल्या गाठींविषयी या मार्गाने जे कळले, ते दुहेरी आहे. मेड्युलोब्लास्टोमाचे चार मुख्य उपगट २०१२ मध्ये सर्वसंमत झाले होते. रोग उलटल्यावरही उपगट बहुधा तोच राहतो, असे २०१३ मध्ये दिसून आले. तथापि २०१६ मधील अभ्यासात उलटलेल्या गाठीतील जनुकीय बदल मूळ गाठीहून बरेच भिन्न आढळले. म्हणजे कुळ तेच, पण औषधाचे लक्ष्य ठरावे असे बदल निराळे. याशिवाय, उलटलेला मेड्युलोब्लास्टोमा म्हणून गणलेल्या काही गाठी वस्तुतः किरणोपचारामुळे उद्भवलेले ग्लायोमा होते, हेही उघड झाले. ज्या किरणांनी एक रोग आवरला, त्यांनीच दुसऱ्यास जन्म दिला होता.

हा भेद केवळ नावाचा नव्हे. दोन रोगांचे उपचार भिन्न. एकावरील औषधाच्या चाचणीत दुसऱ्याचे रुग्ण मिसळले, तर निष्कर्षही फसवे ठरतात. मेंदूतून पुन्हा ऊतक काढण्यात धोका असतोच. परंतु जुन्या नावावर विसंबून नव्या गाठीवर उपचार करण्यातही धोका आहे, आणि तो अधिक काळ दुर्लक्षित राहिला. १९२५ चे नाव आजही वापरात आहे. ते प्रत्येक वेळी पुन्हा तपासून घ्यावे लागते, हा या इतिहासाचा बोध होय.