शेवटच्या बाकाची साठ वर्षे

शाळेच्या इतिहासात इमारती असतात, मुख्याध्यापकांची कारकीर्द असते, शालान्त परीक्षेच्या निकालाचे टक्के आणि शिष्यवृत्तीधारकांची नावे असतात. वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाची नोंद त्यात सहसा होत नाही. हजेरीपटावर त्याचे नाव असते, चौथी-पाचवीपर्यंत ते कसेबसे टिकते आणि एखाद्या जूनमध्ये गाळले जाते. त्या मुलाला मराठी शाळेने एकाक्षरी नाव दिले होते : ‘ढ’. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरे रूप पालटत आली; ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून प्रगती न करणाऱ्या मुलाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. विनोद म्हणून ही व्युत्पत्ती चांगली आहे. पण ज्याला ते नाव मिळाले, त्याची अडचण नेमकी कोणती होती, हे विचारण्याची गरज त्या एका अक्षराने संपवून टाकली.

तो प्रश्न शासनाने, कायद्याने आणि शाळेने केव्हा व कसा विचारला, याचा मागोवा हीरक महोत्सवाच्या निमित्ताने घेणे उचित ठरेल. कारण साठ वर्षांपूर्वीचा तो काळ या विषयातही आरंभाचा काळ होता. हा मागोवा महाराष्ट्राबाहेर, चंदीगडपासून सुरू करणे सोयीचे आहे.

मराठी वाचकाला चंदीगड ठाऊक असते ते ल कॉर्ब्युझिएच्या वास्तुकलेमुळे. त्या शहराच्या आराखड्यामागचा एक साधा विचार मात्र फारसा सांगितला जात नाही. शहराचे सेक्टर ठरले ते सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. वेगवान रहदारीचे रस्ते सेक्टरच्या कडेने जायचे आणि बाजार, दवाखाना, शाळा सेक्टरच्या आत असायची. हेतू हा, की प्राथमिक शाळेतल्या मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. लहान मुलाच्या पावलांचे माप घेऊन शहर आखले जाण्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्यांत चंदीगडचा क्रमांक वरचा लागतो.

तथापि आराखड्यातले हे मूल स्वतःच्या पायांनी चालणारे, फळ्यावरचे वाचणारे आणि घंटा ऐकणारे होते. ज्यांना हे शक्य नव्हते त्यांच्यासाठी याच शहरात पुढे वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. अंध मुलांसाठी सेक्टर २६ मध्ये, कर्णबधिरांसाठी सेक्टर १९ मध्ये आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सेक्टर ३१ मध्ये. म्हणजे ज्या मुलांना रस्ता ओलांडणे सर्वांत अवघड, नेमकी तीच मुले घराजवळची शाळा मागे टाकून, मोठे रस्ते ओलांडून दूरच्या सेक्टरात जाऊ लागली.

यात चंदीगडला वेगळा दोष देण्याचे कारण नाही. सबंध देशाची रीतच ती होती, आणि तिचा आरंभ मुंबईत झाला होता. १८८५ च्या सुमारास मुंबईत मूकबधिरांसाठी शाळा निघाली. १९०० मध्ये ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा काढली; पुढे ती दादरची शाळा म्हणून ओळखली गेली. १९४४ मध्ये जय वकील या मातेने आपल्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा सुरू केली आणि ती अजूनही चालू आहे. या संस्थांनी केलेले काम मोलाचे आहे. ब्रेल शिकवणारा, ओठांवरून भाषा वाचायला शिकवणारा शिक्षक सामान्य शाळेत त्या काळी मिळणे शक्यच नव्हते. पण त्यांच्या असण्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की अशा मुलांची शाळा वेगळी असते आणि ती आपल्या गावात नाही, हे उत्तर सामान्य शाळेला आयते मिळाले.

हे उत्तर पुरेसे नाही, असे अधिकृतपणे म्हटले ते कोठारी आयोगाने. १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाचा अहवाल जून १९६६ मध्ये सादर झाला. (चंदीगड केंद्रशासित प्रदेश झाले तेही त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला.) आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी असले, तरी सदस्य-सचिव म्हणून अहवालाचा मोठा भार ज्यांनी वाहिला ते जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, हे मराठी वाचकांनी विसरू नये. अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असला पाहिजे आणि शक्य तेथे ही मुले नेहमीच्या शाळेतच शिकली पाहिजेत, असे या अहवालाने सांगितले. त्याने ठेवलेले लक्ष्य आज वाचताना अंगावर येते. १९८६ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांत, अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सुमारे १५ टक्के आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांपैकी सुमारे ५ टक्के मुलांना शिक्षण मिळावे, एवढेच ते होते. पाच टक्के ही ज्या काळी महत्त्वाकांक्षा होती, त्या काळी उरलेली पंचाण्णव टक्के मुले घराच्या ओसरीवर होती.

त्यानंतरचा प्रवास योजनांचा आणि कायद्यांचा आहे. १९७४ मध्ये केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना आली. ती समाजकल्याण खात्याकडे होती आणि शिक्षण खात्याकडे येण्यास १९८२ उजाडले. अपंग मुलाचे शिक्षण हा कल्याणाचा विषय की शिक्षणाचा, हे ठरायला आठ वर्षे लागली, असे म्हणता येईल. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अपंग बालकांचा स्पष्ट समावेश झाला आणि तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्यांना घरी शिकण्याची मुभा मिळाली.

या सर्व काळात शेवटच्या बाकावरचे ते मूल मात्र कोणत्याच यादीत नव्हते. त्याला दिसत होते, ऐकू येत होते, ते धावत होते, तोंडी हिशेब बिनचूक सांगत होते. फक्त वाचताना अडखळत होते आणि लिहिताना अक्षरे गाळत होते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्र येथे पुढे होता, याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. १९९६ मध्ये राज्य शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मान्य केल्या. पेपरसाठी जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका गुणांत न धरणे, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होऊन प्रमाणपत्रे मिळू लागली.

ही सवलत मोठी होती, पण ती दहावीच्या दाराशी उभी होती. वाचनाची अडचण दिसते दुसरी-तिसरीत. मधल्या सात-आठ वर्षांत मुलाने अंगठे धरले, बाकावर उभे राहिले, घरी मार खाल्ला आणि आपण मठ्ठ आहोत यावर त्याचा स्वतःचा विश्वास बसला; त्यानंतर जादा अर्धा तास मिळाला तरी त्या वेळात लिहायचे काय?

दुसरी अडचण भाषेची होती, आणि ती मराठी शाळांच्या दृष्टीने अधिक गंभीर. तपासणीसाठी वापरात असलेल्या चाचण्या बहुतांशी इंग्रजीत प्रमाणित झालेल्या होत्या. त्यामुळे सवलतीचा लाभ मुख्यतः इंग्रजी माध्यमातल्या मुलांपर्यंत पोहोचला. मराठी माध्यमातल्या मुलाला तीच अडचण असली, तरी ती मोजण्याचे मापच नव्हते. चाचणीचा नुसता अनुवाद करून हे माप तयार होत नाही, कारण वाचनाची अडचण प्रत्येक लिपीत वेगळ्या रूपाने प्रकटते. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, तिथे मूल उच्चाराशी अडते. मराठीत उच्चार बराचसा निश्चित असतो. मूल अडते ते अक्षराच्या घडणीशी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात ती नंतर असते. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांच्यातला फरक एका गाठीचा किंवा रेघेचा. आणि एकटा ‘र’ किती रूपे घेतो ते पाहावे : ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका जातो, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपी होऊन येतो आणि ‘वाऱ्यावर’मध्ये आणखी वेगळाच दिसतो. ज्या मुलाच्या मेंदूला चिन्ह आणि ध्वनी जोडायला आधीच जास्त श्रम पडतात, त्याच्यासाठी हे चारही र चार वेगळी अक्षरे असतात. वर ह्रस्व-दीर्घाचे नियम. अनुभवी शिक्षिकेच्या नजरेला हे सारे वहीत दिसत असे. पण ‘लक्ष नाही, सराव नाही’ यापलीकडे त्याचे नाव तिलाही शिकवलेले नव्हते.

ही उणीव भरण्याचा पहिला भरीव प्रयत्न हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाला. तेथे ‘डाली’ या संक्षिप्त नावाने भारतीय भाषांसाठी वाचन-अक्षमतेच्या चाचण्या तयार झाल्या आणि २०१५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठी ही त्यांतली एक भाषा आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी अशी शिक्षकांनी भरावयाची पडताळणी-साधने त्यांत आहेत. म्हणजे १९९६ ची सवलत आणि तिच्यासाठी लागणारे मराठीतले माप यांच्यामध्ये एकोणीस वर्षांचे अंतर पडले. त्या अवधीत जी मुले मराठी शाळांतून गळली, त्यांची मोजदाद आता होणे नाही.

चंदीगडमध्ये मात्र एक मोजदाद झाली. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाने सातवी ते बारावीच्या २४०२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ३८ विद्यार्थ्यांत, म्हणजे शंभरात दीड या प्रमाणात, वाचन-लेखन-गणिताची विशिष्ट अक्षमता आढळली. आकडा लहान वाटतो. परंतु ही मुले सातवीच्या पुढची होती. जी त्याआधीच शाळा सोडून गेली ती या आकड्यात नाहीत, आणि जी टिकली त्यांची प्राथमिक शाळेतली सर्व वर्षे तेव्हा मागे पडलेली होती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि अध्ययन अक्षमता कायद्याच्या यादीत आली. याच कायद्यात चंदीगडच्या आराखड्याची आठवण करून देणारे एक कलम आहे. सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग बालकाला परिसरातल्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. वेगळी शाळा बंद झाली नाही. तेथे जायचे की नाही हे मूल व पालक ठरवतील, एवढा बदल झाला. कागदावर तो साधा दिसतो, पण ‘ती शाळा आमच्या गावात नाही’ हे जुने उत्तर त्याने कायद्याबाहेर ठरवले.

हक्क मिळाला तरी शिकवणार कोण? २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले : प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक. हे न्यायमूर्ती पुण्याचे. महाराष्ट्रात आज समग्र शिक्षेतील विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून अनेक शाळांना भेटी देतात. ज्या दिवशी ते येत नाहीत त्या दिवशी, म्हणजे बहुतेक दिवशी, मूल वर्गशिक्षिकेच्या हाती असते. द्विशिक्षकी शाळेत तिच्यासमोर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असतात. भेटीतून सल्ला मिळतो, साहित्य मिळते. रोजचा सराव मिळत नाही, आणि वाचनाच्या अडचणीवर रोजच्या सरावाइतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी या इतिहासात प्रथमच बोट तिसरीच्या वर्गावर ठेवले. मूल तिसरीत आले की, किंवा आठ वर्षांचे झाले की, यांतले जे आधी घडेल तेव्हा शिक्षकांनी त्याची पडताळणी करावी. प्रत्येक शाळेत, सरकारी असो वा खासगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावी. प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळावे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. पडताळणीचा फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. पुढची तपासणी मात्र बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून व्हावी लागते, आणि ते बहुधा मोठ्या शासकीय रुग्णालयातच एकत्र मिळतात. मुंबई-पुण्याबाहेरच्या पालकाला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. एका फेरीत काम होत नाही, आणि प्रत्येक फेरीला त्याची एक दिवसाची मजुरी बुडते.