दावेदार कोण? जालन्याचा आखाडा आणि भाकिताचे गणित

१.
डिसेंबर २०१८. जालन्याचे आझाद मैदान. महाराष्ट्र केसरी किताबाची अंतिम लढत. एका बाजूला पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूला बुलडाण्याकडून उतरलेला, मूळचा करमाळा तालुक्यातील बाला रफिक शेख. पारडे गतविजेत्याचे जड मानले जात होते. निकाल लागला तो बाला रफिकच्या बाजूने, ११-३ असा. दावेदार कसे ठरवले जातात आणि जाणत्यांचेही अंदाज का फसतात, याचा हा मागोवा.

२.
आरंभ गावच्या फडापासून करावा लागतो. जालन्याहून मंठ्याकडे जाताना परतूर तालुक्यातील वाटूर लागते. या पट्ट्यातच नव्हे, तर उभ्या महाराष्ट्रात यात्रेच्या फडाची रीत साधारण एकच आहे. हलगी कडाडते, लहान मुलांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, इनामाची रक्कम चढत जाते आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. कोणाची कोणाशी लावायची, हे पंच आणि वस्ताद मिळून ठरवतात. यालाच जोड ठरवणे म्हणतात.

३.
जोड ठरवणे हेच मुळात भाकीत असते. पंच मल्लाची उंची, वजन, वय, तालीम आणि मागील कुस्त्या पाहतात. कोणाचा पट वेगवान, कोणाची ढाक हुकमी, कोणाचा दम लवकर उखडतो, हे त्यांना ठाऊक असते. उत्तम जोड म्हणजे जिचा निकाल आधी सांगता येत नाही ती. फडातील जाणकार आपले सारे ज्ञान वापरतो ते कुस्ती बरोबरीची व्हावी म्हणून. विजेत्याचे नाव आधी सांगणे हा त्याच्या कामाचा भागच नसतो.

४.
किताबी स्पर्धेने हे चित्र बदलले. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये औरंगाबादच्या अधिवेशनात पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. तो मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांना मिळाला. जालना शहर तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते आणि परतूर तालुका परभणीत. स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी.

५.
स्पर्धेत जोड पंच लावत नाहीत, ती सोडतीने पडते. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले मल्ल बाद पद्धतीने लढतात. एक पराभव आणि किताबाचे स्वप्न वर्षभर लांबणीवर. दोन बलाढ्य मल्ल पहिल्याच दिवशी समोरासमोर आले, तर त्यांतील एकाला घरी जावे लागते आणि तुलनेने सोपी वाट मिळालेला तिसराच पुढे सरकतो. त्यामुळे ‘सर्वांत बलवान कोण’ आणि ‘किताब कोण जिंकेल’ हे दोन निराळे प्रश्न ठरतात. अंदाज बांधणारे बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळे होतात.

६.
पुढचा पेच माती आणि गादीचा. महाराष्ट्र केसरी गटात दोन विभाग असतात. एक मातीवर लढतो, दुसरा गादीवर, म्हणजे मॅटवर. दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी भिडतात आणि ही अंतिम लढत गादीवर खेळवण्याचा प्रघात आहे. मातीत पाय रुततो, पकड टिकते, दमाची परीक्षा होते. गादीवर पाय झपाट्याने हलतो आणि क्षणात गुण जातो. मातीचा विजेता अंतिम लढतीत एका अर्थाने परक्या अंगणात उतरतो.

७.
याचा माग निकालांत दिसतो. २०१७ मध्ये भूगावला अभिजित कटके, जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर, २०२२ मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटील आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला शिवराज राक्षे. हे चौघेही गादी विभागातून आले होते. या काळातील पाच अंतिम लढतींपैकी मातीच्या मल्लाने जिंकलेली लढत एकच, ती जालन्याची. म्हणजे ‘गादीवाला जिंकेल’ एवढाच ढोबळ नियम धरणाऱ्याचाही अंदाज पाचपैकी चार वेळा बरोबर आला असता. चुकला असता तो नेमका जालन्यात.

८.
त्या विजयामागे कोल्हापूरची एक परंपरा उभी होती. बाला रफिक न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली घडला. १९६० चे हिंदकेसरी असलेले आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी निवर्तले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी त्यांचा शिष्य जालन्यात गदा उंचावत होता. वस्तादाचे ऋण, मनाची तयारी, त्या दिवशीचा जोर यांची मोजदाद दावेदारांच्या कोणत्याही यादीत होत नाही.

९.
मग अंदाज नेहमीच फसतात काय? तसेही नाही. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे नरसिंग यादव आणि २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे विजय चौधरी महाराष्ट्र केसरी झाले. सहा वर्षांत दोनच नावे. त्या काळात ‘गतविजेता पुन्हा जिंकेल’ म्हणणारा सहापैकी चार वेळा खरा ठरला असता. त्यानंतर मात्र २०१७ पासून जानेवारी २०२३ पर्यंत प्रत्येक वेळी नवा विजेता आला आणि तोच नियम प्रत्येक वेळी खोटा ठरला. कालचा अनुभव उद्याला लागू पडेलच असे नसते, हा धडा या दोन कालखंडांच्या सांध्यावर मिळतो.

१०.
गणित काय सांगते, तेही पाहावे. समजा, एखादा मल्ल इतका सरस आहे की कोणाशीही लढला तरी त्याच्या विजयाची शक्यता ८० टक्के. किताबासाठी त्याला सलग पाच कुस्त्या जिंकायच्या आहेत. पाचही जिंकण्याची शक्यता उरते सुमारे ३३ टक्के. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा दावेदारही तीन वर्षांतून दोनदा हरणार. शक्यता ९० टक्के धरली, तरी किताबाची आशा ५९ टक्क्यांवरच थांबते. पराभव झाला की ‘पैलवान कमी पडला’ असे म्हटले जाते. पुष्कळदा कमी पडलेली असते ती आपली आकडेमोड.

११.
त्यात लढतीचा अवधी आखडला आहे. जुन्या निकाली कुस्तीत पाठ टेकेपर्यंत झुंज चाले. सरस मल्लाला आपले बळ दाखवायला वेळ मिळे. आजची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. एक निसटलेली पकड, रेषेबाहेर गेलेला एक पाय, एवढ्यावर किताब फिरतो. जानेवारी २०२० ची अंतिम लढत ३-२ अशी, एका गुणाने सुटली होती. खेळ जितका आखूड आणि गुण जितके थोडे, तितका योगायोगाचा वाटा मोठा.

१२.
हाच नियम जालन्यापासून हजारो कोस दूर, बर्फावरच्या हॉकीतही लागू पडतो. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये २०१८-१९ च्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळला. त्यांतून १६ संघ स्टॅन्ली चषकाच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात. तेथे एका पराभवाने कोणी बाद होत नाही. सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे जातो. सरस संघाला आपले बळ सिद्ध करण्यास अवसर मिळावा, हा त्यामागचा हेतू. तरीही गोल थोडे होतात आणि एकटा गोलरक्षक सारी मालिका फिरवू शकतो.

१३.
जालन्यात गदा दिली गेली त्याच हिवाळ्यात ही लीग रंगात होती. टँपा बे लाइटनिंग संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकून १२८ गुण मिळवले. जाणकारांच्या याद्यांत त्याचेच नाव वर होते. एप्रिल २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत कोलंबस ब्लू जॅकेट्सने त्याला ४-० असे गारद केले. याउलट सेंट लुईस ब्लूज हा संघ ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ३१ संघांत तळाला होता. त्यानंतर जॉर्डन बिनिंग्टन हा नवखा गोलरक्षक नियमित उतरू लागला आणि १२ जून २०१९ रोजी याच संघाने आपल्या इतिहासातील पहिला स्टॅन्ली चषक जिंकला.

१४.
इथेही हिशेब तोच. प्रत्येक सामन्यात ६० टक्के शक्यता असलेला संघ सातांची मालिका सुमारे ७१ टक्के वेळा जिंकतो. चषकासाठी अशा चार मालिका सलग जिंकाव्या लागतात. ती शक्यता उरते जेमतेम २५ टक्के. म्हणून शहाणा भाकीतकार एकच नाव छातीठोकपणे सांगत नाही. तो पाच-सहा दावेदार मांडतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती आशा आहे, हे सांगतो. जत्रेतले जुने पंचही ‘जड जाईल’, ‘सोपी नाही’ असेच बोलत.

१५.
हा केवळ करमणुकीचा विषय नाही. दावेदार म्हणून नाव गाजले की मोठ्या इनामाच्या कुस्त्या मिळतात, खुराकाला आश्रयदाते लाभतात, नोकरीची दारे उघडतात. नाव यादीत नसेल, तर तेवढ्याच तयारीचा गडी गावच्या यात्रेतील छोट्या इनामांवर दिवस काढतो. दूध, तूप आणि बदामाचा खर्च दोघांनाही सारखाच असतो. यादी करणाऱ्याच्या चुकीची किंमत अनेकदा अशा घराला मोजावी लागते.

१६.
जालन्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत पुन्हा किताबाची लढत झाली. गतविजेता बाला रफिक तिथवर पोहोचला नव्हता आणि अभिजित कटकेही नव्हता. समोरासमोर होते नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवार यांचे शिष्य. विजयानंतर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले. एकाच वस्तादाच्या हाताखाली रोज एकमेकांशी जोर करणाऱ्या त्या दोघांत गदा कोणाची, हे एका गुणाने ठरले होते.